सोमवार सकाळच्या गोळ्या

मयताची थोरली बहीण, वय ४१ वर्षे, धंदा – हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्री, राहणार – भावाच्याच घरी, मागची खोली.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, आई, धाकटा भाऊ व त्याची बायको (तिला मी वहिनीच म्हणते) असे एकत्र राहत होतो. भाऊ सोफ्याच्या गाद्या शिवत असे. गेल्या वर्षी त्याला टीबी झाला. नेहमीच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत. पुन्हा तपासले तेव्हा औषधांना दाद न देणारा टीबी निघाला. नव्या गोळ्यांनी त्याला मळमळायचे, त्यामुळे तो दिवसभर पडून असे. वहिनी समोर बसून गोळ्या गिळायला लावी. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती वेगळी झोपे. आईला ते पहिल्यापासून खटकत होते.

मागच्या आठवड्यात भावाची डावी पोटरी सुजली. वहिनीने दवाखान्यात चला म्हणून धोशा लावला. तो म्हणाला, गोळ्यांनीच पोट भरतंय, आता पायासाठी वेगळ्या नकोत. पडून पडून पाय आखडला असेल, असे आई म्हणाली. मी कामावर होते.

सोमवारी सकाळी वहिनीने गोळ्या दिल्या. थोड्या वेळाने छातीत कळ आली म्हणून तो उठून बसला. त्याला धाप लागली. मला म्हणाला, "ताई, खिडकी उघड ना."

मी म्हटलं, "उघडीच आहे रे."

त्यानंतर तो बोलला नाही. रिक्षा दारात येईपर्यंत सगळे संपले होते.

वहिनीने गोळ्यांतून काहीतरी घातले, अशी तक्रार आईने त्याच दिवशी दिली. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितले, की पायात रक्ताची गुठळी झाली होती, ती सुटून फुप्फुसात अडकली. या आजारात, त्यातून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, असे होऊ शकते. विषाचा काही अंश सापडला नाही.

आई म्हणाली, "पायातली गुठळी छातीत चढते होय? शिडी लावली होती का कोणी?"

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

माझी वहिनीवर कसलीही शंका नाही. ती अजून रोज सकाळी गोळ्यांच्या वेळेला पाण्याचा पेला भरते आणि मोरीत ओतते. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही.

लिहिलेले मला वाचून दाखवले, मी बोलले तसेच आहे. आई व वहिनी बाहेर एकाच बाकावर बसल्या आहेत, मध्ये माझी पिशवी आहे. आईला हे इथे वाचून दाखवू नये. घरी गेल्यावर मी सांगेन.

सही