विशेष भत्ता आणि सात नंबरची बाटली

जबाब

नाव : ओळखपत्राप्रमाणे, दवाखान्यात "मोठ्या सिस्टर" म्हणून ओळख
वय : ४३ वर्षे
धंदा : नोकरी, परिचारिका, नवजात अतिदक्षता विभाग
राहणार : दवाखान्यामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला

मी वर लिहिलेली बाई, बोलावल्यावरून ठाण्यात स्वतः हजर होऊन विचारल्याप्रमाणे सांगते की, वरील पत्त्यावर मी नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी यांच्यासह राहते. नवरा शाळेची व्हॅन चालवतो. शाळेला सुट्टी लागली की व्हॅनलाही सुट्टी, त्यामुळे घर माझ्या पगारावर चालतं. मी नर्सिंगचा कोर्स केला आहे आणि त्यावर नवजात बाळांच्या अतिदक्षतेचा एका वर्षाचा वेगळा कोर्स केला आहे. याच दवाखान्यात सोळा वर्षं नोकरी झाली.

माझ्याविरुद्धची तक्रार मला वाचून दाखवली. पुरुष वॉर्डातल्या एका वयस्कर पेशंटच्या मुलाने ती दिली आहे. मी कामाची जागा सोडून गेले, त्या वेळात त्याचे वडील पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, असं त्याचं म्हणणं आहे. वडील पडले आणि हाड मोडलं, हे खरं आहे. तक्रारीत पुढे असंही आहे की, "या बायका गलेलठ्ठ पगार घेऊन गायब असतात." त्यावरून हवालदार साहेबांनी मला पगार किती ते विचारलं.

हा प्रश्न आजपर्यंत मला घरमालकाने, नणंदेने, बँकेतल्या माणसाने आणि सासूबाईंच्या भजनी मैत्रिणीने विचारलेला आहे. पोलीस तेवढे राहिले होते. विचारलंच आहे तर सांगते, आणि माझ्या शब्दांत लिहून घ्या. आकडा पगाराच्या चिठ्ठीवर आहे, ती सोबत देते. पण नुसत्या आकड्यावरून कुणाला काही कळत नाही, उलट लोक डोळे मोठे करतात.

माझा मूळ पगार साध्या वॉर्डातल्या, माझ्याइतकीच वर्षं झालेल्या सिस्टरइतकाच आहे. एक दमडी जास्त नाही. त्यावर विशेष भत्ता मिळतो, तो पगाराच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका. लोकांना वाटतं हा भत्ता मी शिकले म्हणून मला मिळतो. तो मला नाही, जागेला मिळतो. ज्या दिवशी मी बाळांच्या विभागाच्या दाराशी हजेरीचा अंगठा लावते, त्या दिवसाचा भत्ता माझा. ज्या दिवशी मला दुसऱ्या वॉर्डात धाडतात, त्या दिवसाचा कापला. डोकं मात्र मी दोन्हीकडे तेच घेऊन जाते, ते काही घरी ठेवून येता येत नाही.

ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे आणि तिला माझ्यापेक्षा जास्त मिळतात. कारण मोठ्या सर्जनसाहेबांनी सांगून ठेवलंय की ही गेली तर मीही जाईन. माझी बाळं अजून बोलत नाहीत, त्यामुळे माझ्यासाठी असं कुणी सांगत नाही. डायलिसिसची सिस्टर ठेकेदाराच्या कागदावर आहे. मशीन तेच, जोखीम तीच, पण तिच्या पगारातला पहिला घास ठेकेदार खातो. माझी मावसबहीण लहान गावात हृदयरोग विभागात आहे, अनुभव माझ्याहून जास्त, पगार माझ्या दोन तृतीयांश. तिला वाटतं मी नोटांच्या गादीवर झोपते. मला तसंच परदेशी गेलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीबद्दल वाटायचं. ती तिकडचं घरभाडं सांगून फोनवर रडली, तेव्हा कळलं. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय.

मागच्या वर्षी एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, लागला. त्याने पाच वर्षांत तीन दवाखाने बदलले आणि दर उडीला पगार वाढवून घेतला. आज तो माझ्या जवळपास आहे. मी सोळा वर्षं एका जागी राहिले, त्याचं बक्षीस म्हणून मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते बंद आहे. सेल बदलून पाहिला, तरी बंद आहे.

इथे हवालदार साहेबांनी पेन थांबवून विचारलं की, त्यांच्या मुलीला नर्सिंगला घालायचं घरात चाललंय, तर कुठला विभाग बरा. हे जबाबात घेणार का, असं मी विचारलं. नाही म्हणाले. मग शेवटी बघू म्हटलं.

घटनेच्या दिवशी मी सकाळी बाळांच्या विभागात हजर झाले. मेट्रनबाईंचा निरोप आला की, पुरुष वॉर्डातली सिस्टर रजेवर आहे, तुम्ही तिकडे जा. मी म्हटलं, आत तीन बाळं आहेत, त्यातलं एक श्वासाच्या मशीनवर आहे. त्या म्हणाल्या, चिमणी आहे ना. चिमणी म्हणजे दोन महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी. आवाज बारीक म्हणून आम्ही तिला चिमणी म्हणतो. मुलगी गुणाची आहे, पण तिचा कोर्स झालेला नाही. कोर्स झालेलीला त्या जागेवर ठेवलं तर भत्ता द्यावा लागतो, चिमणीला द्यावा लागत नाही. महिन्याची अखेर आली की मेट्रनबाईंच्या डोक्यावर व्यवस्थापकांचा फोन असतो आणि मग आमची अशी उचलबांगडी होते. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी गेले. नाही म्हटलं तर "मोठ्या सिस्टरना शिंगं फुटली" असं होतं.

पुरुष वॉर्डात त्या दिवशी सव्वीस पेशंट होते. नर्स मी एक आणि सोबत एक मावशी. मावशीला रक्ताच्या बाटल्यांसाठी तळमजल्यावर पाठवलं की ती लिफ्टच्या मर्जीने परत येते. अशा वॉर्डात इतक्या सलाईनच्या बाटल्यांवर एकटी बाई लक्ष ठेवू शकत नाही. म्हणून आमच्यात एक रीत आहे, ती कुठल्या नियमात नाही. जो पेशंट हिंडता-फिरता झाला आहे, त्याला आम्ही झोपलेल्यांच्या बाटल्यांवर नजर ठेवायला सांगतो. बाटली संपत आली की त्याने हाक मारायची. सगळ्या वॉर्डांत हे चालतं आणि सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांना नसेल तर त्यांचं नशीब थोर, कधी ॲडमिट झाले नाहीत.

त्या दिवशी हे काम खिडकीजवळच्या आजोबांकडे होतं. तक्रारदाराचे वडील ते हेच. हर्नियाचं ऑपरेशन होऊन बरे झाले होते, दुसऱ्या दिवशी घरी जायचे होते. ते रिटायर बस कंडक्टर आहेत. सकाळपासून त्यांनी वॉर्डाची बस करून टाकली होती. "बाई, अकरा नंबर शेवटच्या स्टॉपला आला!" "बाई, चार नंबरला अजून दोन स्टॉप आहेत, चहा घ्या तुम्ही." ज्यांना हसल्यावर टाके दुखतात, ते हात जोडून त्यांना गप्प बसवत होते. गंमत-गंमत करतील आणि लक्ष देणार नाहीत, म्हणून मी त्यांना जरा दरडावून सांगितलं होतं, "आजोबा, बाटली रिकामी होऊ द्यायची नाही. हाक मारली आणि मी नसले, तर नळीवरचं हे चाक खाली ओढून बंद करायचं. नाहीतर हवा आत जाईल."

हे मी बोलले. खरं म्हणजे बाटली संपून पंधरा मिनिटं तशीच राहिली असती तरी आकाश कोसळलं नसतं. नळीत थोडं रक्त उलटं चढतं, पेशंट घाबरतो, सुई बदलावी लागते, एवढंच. पण हे पेशंटला सांगितलं की तो निवांत होतो, म्हणून आम्ही सगळ्याच थोडं वाढवून सांगतो. हे मी स्वतःहून सांगत आहे, कुणी विचारलं नव्हतं.

दुपारची जेवणं झाली होती. मावशी खाली गेली होती. बाळांचा विभाग आणि पुरुष वॉर्ड यांच्यामध्ये एक पॅसेज आणि दोन दारं आहेत. श्वासाच्या मशीनचा अलार्म वाजायला लागला. अलार्म दिवसभर वाजतात, लगेच कुणीतरी बघतं आणि ते बंद होतात. हा बंद होईना. मी इंजेक्शन भरता भरता हातातलं खाली ठेवलं. तेवढ्यात चिमणी दार उघडून ओरडली, "सिस्टर, बाळ निळं पडतंय!" डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मी वॉर्डाकडे वळून पाहिलं. आजोबा पलंगावर उठून बसले आणि म्हणाले, "अहो, बघता काय? सुटा! ही गाडी मी सांभाळतो." मी पळाले.

बाळाच्या श्वासाची नळी कफाने बंद झाली होती. ती साफ केली, हाताच्या फुग्याने श्वास दिला. आधी ओठांचा रंग परत आला, मग नखांचा. डॉक्टर येईपर्यंत मी तिथून हलले नाही, कारण फुगा किती दाबायचा हे चिमणीला अजून कुणी शिकवलेलं नव्हतं. हे सगळं अर्ध्या तासाचं काम.

परत आले तेव्हा आजोबा सात नंबरच्या पलंगाशी जमिनीवर पडले होते. सात नंबरला एक रंगारी आहे, शिडीवरून पडून दोन्ही हात प्लास्टरमध्ये, सलाईन पायाला. त्याला स्वतःला काही करता येत नाही. तो सांगतो की बाटली संपत आली, आजोबांनी "बाई, बाई" अशा दोन हाका मारल्या, मग स्वतः उठले. फरशी नुकती पुसलेली होती, पाय घसरला. मी आधी आजोबांना हलवायचं नाही म्हणून उशा लावल्या, मग वर पाहिलं. चाक खाली ओढून नीट बंद केलेलं होतं. मला त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

दवाखान्याचे व्यवस्थापक आत्ता बाहेरच्या बाकावर बसले आहेत. काल त्यांनी मला दवाखान्याच्या जिन्यात गाठून सांगितलं की, "सिस्टर, 'खासगी कामासाठी वॉर्डाबाहेर गेले होते' एवढंच सांगा. फोन आला होता म्हणा, घरचा. वर्षभर भत्ता बंद होईल, बाकी आम्ही मिटवतो. बाळांच्या विभागात कोण होतं, हा विषय काढलात, तर तुमची नोंदणी रद्द करायला आम्हालाच लिहावं लागेल." नोंदणी गेली की मी कुठेच नर्स राहत नाही, ना इथे, ना मावसबहिणीच्या गावात, ना परदेशात. मुलीच्या कॉलेजची दोन वर्षं राहिली आहेत. हे सगळं मी रात्रभर डोक्यात घोळवलं. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तू ठरव, पण ठरवून झाल्यावर रोज रात्री मला ते ऐकवू नकोस." त्याचंही बरोबर आहे. शिकून घेतलं मी, धाडलं यांनी आणि फासावर मीच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आज सकाळी मी आजोबांना भेटायला गेले. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आहे. तक्रारदार मुलगा शेजारी उभा होता. मला पाहून त्याने खिशातून बिल काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं : "विशेष परिचर्या शुल्क, रोजचं." म्हणाला, "एवढे घेता आणि जागेवर नसता, लाज कशी वाटत नाही?" मी म्हटलं, "दादा, ही ओळ वाचून मलाही धक्का बसला. त्या दिवशी मला साधा पगार मिळाला, विशेष भत्ता कापला." तो हसला. खोटं वाटलं त्याला. माझी पगाराची चिठ्ठी मी त्याच्या हातात दिली.

आजोबा जागे होते. त्यांनी मला विचारलं, "बाई, सात नंबरची बाटली वेळेवर बंद झाली ना?" मी हो म्हटलं. मग विचारलं, "आणि तिकडचं छोटं पॅसेंजर? उतरलं नाही ना मधेच?" मी म्हटलं, नाही, काल मशीन काढलं, आईजवळ दिलं. ते म्हणाले, "मग झालं की." मुलाने "कुठली बाटली?" विचारलं, तेव्हा आजोबांनी त्याला सगळं सांगितलं. त्याला आजपर्यंत वाटत होतं की वडील संडासला जाताना पडले. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दवाखान्यानेही नाही, त्यानेही नाही आणि ठाण्यानेही नाही. त्याने बिल पुन्हा उघडलं, तीच ओळ पाहिली आणि म्हणाला, "मग हे पैसे घेतले कुणाच्या कामाचे?" मी चिठ्ठी परत घेतली आणि इकडे आले.

हवालदार साहेबांनी शेवटचा प्रश्न विचारला की, मी गेल्यावर त्या अर्ध्या तासात वॉर्डाची जबाबदारी कोणाकडे होती. ती आजोबांकडे होती. मी त्यांच्यावर टाकली, आणि माझ्यावर दोन जागा दवाखान्याने टाकल्या. त्या अर्ध्या तासात पुरुष वॉर्डात नर्सचं काम करणारा माणूस एकच होता आणि त्याच्याकडूनच त्याचे पैसे वसूल केले. ते त्यांना परत मिळावेत. माझ्या नोंदणीचं काय व्हायचं ते होऊ दे. तो अलार्म उद्या पुन्हा वाजला तर मी पुन्हा जाईन, हेही लिहा. आजोबांचा जबाब घ्यायला कुणाला तरी पाठवा. ते बोलतात छान.

मुलीला कुठला विभाग बरा, ते साहेबांनी पुन्हा विचारलं नाही.

वरील जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितलं तेच लिहिलेलं आहे. मी "खासगी कामासाठी" वॉर्डाबाहेर गेल्याचं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, ते मी स्वतः दोनदा वाचून पाहिलं. बरोबर आहे, म्हणून सही करते.