बिनडोळ्यांचे फिरंगी

पेणच्या स्टँडवर जोह्याच्या गाडीची रांग. माझ्या पुढे मूर्तींच्या कारखान्यातली दोघं.

“जनूकाका, पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला.”

“टेबलावर लढाई मांडून खेळतात ते? बोटभर फिरंगी शिपाई पोचले त्यांना?”

“पोचले. पन तुमी रोह्याला लग्नाला गेलाव, नि मी डोळ्यांची आखणी व्हायच्या आधीच पेटी भरली.”

“अगो अनिता! चाळीस शिपाई बिनडोळ्यांचे? परत धाडतायत?”

“नाय ओ, खूश हायत! म्हनाले, हे तर झोंबी झाले. आता मेलेले फिरंगी उठून परत लढतात, असा खेळ मांडलाय. अजून चाळीस हवेत, असेच.”

“सुटलो गो बाय! पन मग मला काय काम?”

“झोंबींसमोर लढायला मावळे पन मागवलेत, त्या मावळ्यांचे डोळे आखा. चांगले मोठे. झोंबी बघितलेत त्यांनी!”