‘वाकडा पाना’चा शेवटचा खेळ आणि बटणातली पाचर

सन्माननीय अध्यक्षा शालनबाई, शेजारी बसलेले कारखान्याचे मॅनेजरसाहेब, ‘वाकडा पाना’ नाटक मंडळाची चारही पोरं, आणि चहा येईस्तोवर तग धरून बसलेल्या कासारवाडीच्या बंधू-भगिनींनो, सगळ्यांना जय भीम.

मी चतुराबाई, ह्यातल्या बुद्धभूषणची, म्हणजे आमच्या भूषणची, आज्जी. आज मंडळ बंद होतंय, म्हणून त्याचा इतिहास सांगायला मला उभं केलंय.

सात वर्षांमागं ही पोरं चाकणला, ह्या साहेबांच्याच कारखान्यात, कामाला लागली. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर विलायतेतल्या कुठल्याशा जुन्या नटांच्या टोळीचे खेळ बघायची. कोट घातलेली शिकली-सवरलेली माणसं, गंभीर तोंडानं येड्यासारखं बोलायची. आमच्या पोरांना वाटलं, हे तर आपल्याकडं रोजच चालतं! मग ह्यांनीही खेळ बसवले. एकात माणसाच्या डब्याची दुसऱ्या खात्यात बदली होते. एकात साहेबाच्या खुर्चीला बढती मिळते, साहेब राहतो तिथंच. मी पोट धरून हसले, खोटं कशाला बोलू?

पण यंदाच्या जयंतीला ह्यांनी ‘हात’ नावाचा खेळ केला. पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशिनखाली तुटलेला हात एकटाच घरी येतो. आई विचारते, “बाकीचा कुठाय रे?” हात सांगतो, “बाकीच्याला ओव्हरटाइम लागलाय.” साहेब, तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसलात. मी मात्र हसले नाही.

कारण आदल्या दिवशी भूषणची पॅन्ट धुताना खिशात लाकडाची पाचर निघाली होती. “हे काय रे?” म्हटलं, तर म्हणाला, “नाटकाचं सामान, आज्जे.” खेळात पाचर कुठंच दिसली नाही.

मग मी सुजितला धरला. मंडळातला तोच एक जरा भित्रा. तो बोलला. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच मशिन खाली येतं, म्हणजे हात आत राहत नाही. पण माल जास्त निघावा म्हणून पोरं एका बटणात पाचर मारून ते दाबलेलंच ठेवतात. एक हात मोकळा होतो. तोच आत जातो.

ही पोरं मूर्ख आहेत का? आहेत. पण माल वाढवा म्हणून पाठीमागं कोण उभं असतं? हल्ली तालमीलासुद्धा रविवार मिळत नाही, म्हणून तर मंडळ मोडलं.

भूषण जेवायला बसला की मी त्याची बोटं मोजते. फोन वाजला की आधी देवळीतला चष्मा शोधते, मग फोन. उचलायला भीती वाटते, म्हणून वेळ काढते.

हा बघा, आत्ता खुणावतोय, “आज्जे, बस की खाली!” बसत नाही रे. नोकरी गेली तर दुसरी बघ.

ह्या शालीबद्दल मंडळाचे, हॉलबद्दल शालनबाईंचे आभार. अडाणी बाईच्या बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि साहेब, दुसऱ्या पाळीची गाडी बाहेर उभी हाय. भूषण त्यातच चढणार. चला, उठा. पाचरी तुमच्या हातानं काढा. चहा मी तुम्हाला गाडीत आणून देते.