कुलूप, पाच सिद्धान्त आणि मामांचा शेरा

अध्यक्षस्थानी बसलेल्या विभागप्रमुख मॅडम, व्यासपीठावरचे प्राध्यापक, आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आपले प्रयोगशाळा परिचर मामा, सोबत आलेल्या मामी आणि मित्रमैत्रिणींनो,

आधी एक दुरुस्ती. तुमच्या हातातल्या स्मरणिकेत मी लिहिलंय, की गेल्या वर्षी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचं दार सकाळी उघडं सापडलं, ती मामांची 'एकमेव चूक'. ते खोटं आहे. आदल्या संध्याकाळी मामांऐवजी कुलूप मी लावलं होतं.

मला कुलूप चार-चारदा ओढून बघायची सवय होती, हे आपण जाणताच. जिन्यावरून परत यायचे. दुसऱ्या कुठल्या विभागात लोक हसले असते. इथे अभ्यासाला बसले. वर्तनवादी सर म्हणाले, ओढल्यावर हायसं वाटतं, तेच तुझं बक्षीस. मनोविश्लेषणवाल्या मॅडमनी माझ्या आत्याची चौकशी केली, कारण माझी पहिली शाळा घरातच, आत्यापाशी झाली. विचारांच्या सवयी तपासणाऱ्या बोधात्मक बाजूनं निदान झालं, की जबाबदारीची कल्पना फुगलेली आहे. कुणी मेंदूतल्या रसायनांवर बोट ठेवलं. मानवतावादी सरांनी काहीच न सांगता चहा पाजला. आणि मला सगळंच पटलं. तोच तर माझा आजार!

मामा एकटेच कुलपाकडे बघत होते. म्हणाले, "पोरी, हे लागल्यासारखं वाटतं, पण लागत नाही. ओढतेस ते बरं करतेस. नव्यासाठी मी दोन अर्ज दिलेत."

पण उपचार ठरले होते: कुलूप लावायचं, ओढून बघायचं नाही. त्या संध्याकाळी मी न ओढता घरी गेले. विभागानं माझं अभिनंदन केलं. सकाळी दार उघडं होतं.

चौकशीत मी गप्प बसले. मामांच्या फाइलमध्ये 'निष्काळजी' असा शेरा पडला. त्या गप्प बसण्याला कोणता सिद्धान्त लावावा? मला वाटतं, भीती एवढा शब्द पुरे. नंतर मामांपाशी कबूल केलं, तर म्हणाले, "शेऱ्यानं माझं काय अडतंय? तुझं शिक्षण व्हायचंय. जाऊ दे."

मी जाऊ दिलं. वर स्मरणिकेत लिहिलंसुद्धा.

आत्या चुकलेलं पान फाडू द्यायची नाही. खोडून शेजारी बरोबर लिहायला लावायची, चूक दिसली पाहिजे म्हणून.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. स्मरणिकेतलं वाक्य तेवढं घालू नका. मामांचा सेवेतला शेवटचा दिवस शुक्रवार, तीस तारीख. गुरुवारी, एकोणतीसला, सकाळी साडेदहाला कार्यालय उघडेल, तेव्हा लेखी जबाब घेऊन मी दारात असेन.