दोन इंचांचा घुमट

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिवणकामवाल्या मावशींच्या समोर एक म्हातारा गवंडी आणि त्याची इंजिनियर लेक वाद घालत होते.

"बाबा, आपल्या नव्या खोलीचा घुमट दोनच इंच जाड आहे. आतली लोखंडी सळई गंजून फुगली की काँक्रीट फुटणार."

"मग काय सुतळी घालू?"

"बसाल्टची जाळी. दगड वितळवून काढलेला धागा असतो, गंजत नाही."

"दगडाचा धागा! उद्या विटांची लोकर आणशील. चाळीस वर्षं लोखंडच घालतोय मी."

"आपल्या मोरीचं छत पडलं, त्यातही?"

"ते तुझी आई आत गात होती म्हणून पडलं."

मावशींना हसू फुटलं आणि दात ठणकला.

"बाबा, या घुमटाखाली रोज रात्री आईच झोपणार आहे."

गवंड्यानं दोन बोटांत दोन इंच मापून पाहिले.

"जाळी दुहेरी घाल. आणि तिला सांग, मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो."