क्ष कोणाच्या वयात मिळवायचा

(नागपूर. मुलींची शाळा सुटली आहे. वर्गात मागं राहिलेल्या दोघीच : शिक्षिका इंदुताई आणि शामला.)

इंदुताई : इथंच चुकतेस. उदाहरण परत वाच.

शामला : बापाचं वय मुलीच्या तिप्पट आहे. किती वर्षांनी ते दुप्पट होईल?

इंदुताई : आणि पाटीवर काय केलंस?

शामला : मुलगी चवदा, बाप बेचाळीस. क्ष वर्षांनी म्हून बेचाळीस बरोबर दोन कंसात चवदा अधिक क्ष. क्ष आला सात.

इंदुताई : पडताळा घे. सात वर्षांनी मुलगी एकवीस. बाप?

शामला : बेचाळीस.

इंदुताई : बाप तसाच? त्याला काय अमृत पाजलंय?

शामला : बाप्या माणसाचं वय कोण मोजते, बाई? आमच्या घरी पोट्टीचंच वाढते. पोळ्याले मी बारा वर्षांची होती. काटोलवाले पाहून गेले, तवापासून चवदा हाय.

इंदुताई : थांब. पुस्तकात बारा आणि छत्तीस आहे. हे बेचाळीस कुणाचं?

शामला : महादेवरावायचं. ज्यायच्या घरी मले देऊन राहिले. संत्र्याचा बगीचा हाय त्यायचा. पयली बायको बाळंतपणात गेली.

इंदुताई : तुझं खरं वय ठाऊक आहे त्यांना?

शामला : हाय ना. पन नवा कायदा आला, चवदाच्या आत लगन केलं त दंड. बाबा मिलमधून सुटले का इकडंच येऊन राहिले. कोणी पुसलं त शाळेच्या बाईनं चवदा सांगावं, म्हणतात.

इंदुताई : आधी गणित पुरं कर. दोघांच्याही वयात क्ष मिळव.

शामला : बेचाळीस अधिक क्ष बरोबर दोन कंसात चवदा अधिक क्ष. कंस सोडवला, अठ्ठावीस अधिक दोन क्ष. क्ष एकीकडं, आकडे एकीकडं... क्ष बरोबर चवदा.

इंदुताई : पडताळा?

शामला : मी अठ्ठावीस, ते छप्पन. बरोबर आलं, बाई.

इंदुताई : हं. गणित बरोबर आलं.

शामला : छप्पनपर्यंत राहतीन का ते?

इंदुताई : पाटी पूस आता.

शामला : सांगा ना, बाई. तुमचं लगन झालं तवा तुमी केवढ्या होत्या?

इंदुताई : दहा. ते चाळीस.

शामला : आन आता?

इंदुताई : मी एकतीस. ते एक्केचाळीस. पुढं त्यांचं वाढलंच नाही.

शामला : म्हंजे माही पयली रीत...

इंदुताई : पुस्तकात चूक आहे ती. माझ्या घरी बरोबर आली.

शामला : मंग बाबाले काय सांगान?

इंदुताई : बारा.

शामला : आयकतीन का ते?

इंदुताई : नाही ऐकणार. दुसऱ्या कुणाकडून चौदा वदवून घेतील, आणि उद्यापासून तुला शाळेत धाडणार नाहीत. जीव जळतो गं माझा. पण माझ्या तोंडून चौदा निघणार नाही.

शामला : मंग पुढचं गणित आजच सांगा, बाई.