गोधडीचा घास

दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर निकिता यवतमाळच्या गाडीची वाट पाहत बसली होती. शेजारी दोघींच्या गप्पा रंगात आल्या होत्या.

"तानाबाई, तुयी गोधडी यवतमाळच्या प्रदर्शनात लावली म्हनते?"

"लावली ना व. पन शिवताना तिच्या पोटात भाकरीचा तुकडा घातला होता."

"घालाच लागते. उपाशी गोधडी कोनाले पांघरता येते काय?"

"त्याले मुंग्या लागल्या! गोधडीवर लाईनच लाईन."

"अगं माय! मंग फेकली?"

"कायले फेकतीन? प्रदर्शनातला सायेब म्हने, हा काळा टाका जित्ता वाटून राह्यला! पयला नंबर देल्ला. आता दिल्लीले नेतात."

"मंग तोंड काहून उतरलं?"

"मुंग्या भाकर खाऊन निंगून गेल्या ना! म्हनून तं गूळ घेऊन चालली."

निकितानं खाली ठेवलेल्या तानाबाईच्या गुळाच्या पिशवीकडे पाहिलं अन् पाय वर घेतले.